परिषदेतील छायाचित्र: एका होकारात किती परवानग्या असतात?

समजा, एका परिषदेत दुपारचे पोस्टर सत्र चालू आहे. एक संशोधक विद्यार्थिनी आपल्या पोस्टरशेजारी उभी आहे. पोस्टरवरील तिसरा आलेख तिने आदल्या रात्रीच बदलला आहे आणि त्यातील आकडे अद्याप कोठेही छापून आलेले नाहीत. तिच्याच विषयातले एक ज्येष्ठ प्राध्यापक येतात, दहा मिनिटे बारकाईने चौकशी करतात आणि निघताना खिशातून मोबाईल काढत विचारतात, "एक फोटो घेतला तर चालेल ना?" ती म्हणते, "हो सर, घ्या ना." सर एक फोटो पोस्टरचा घेतात आणि दुसरा, कौतुकाने, पोस्टरसह तिचा. रात्री दोन्ही फोटो तिच्या नावासह, संस्थेच्या नावासह आणि चार प्रशंसेच्या ओळींसह समाजमाध्यमांवर झळकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मार्गदर्शकांचा फोन येतो. अप्रकाशित आलेख बाहेर गेलाच कसा, असे ते विचारत असतात.

या प्रसंगात कोणीही खोटे बोललेले नाही. सरांनी विचारले होते आणि तिने होकार दिला होता. तिचा होकार टिपणापुरत्या घेतलेल्या फोटोला होता आणि सरांनी तो प्रसिद्धीची परवानगी म्हणून घेतला, एवढाच काय तो घोटाळा. व्यावसायिक परिषदांमध्ये छायाचित्रांवरून जे वाद होतात, त्यांतले बरेचसे याच जातीचे असतात. चोरून फोटो काढणारे थोडे असतात. एका होकारात आपल्याला सोयीच्या चार परवानग्या वाचणारे पुष्कळ असतात, आणि त्यांत आपणही कधी ना कधी असतो.

त्या चार परवानग्या वेगळ्या करून पाहिल्या की विषयाचा निम्मा गुंता सुटतो. छायाचित्र घेणे ही पहिली कृती. ते जवळ ठेवणे, म्हणजे मोबाईलमध्ये, संस्थेच्या संग्रहात किंवा आयोजकांच्या सर्व्हरवर साठवणे, ही दुसरी. ते इतरांपुढे मांडणे ही तिसरी, आणि तिच्यातही सहकाऱ्यांच्या गटात पाठवणे आणि साऱ्या जगाला दिसेल असे प्रसिद्ध करणे यांत मोठे अंतर आहे. चेहऱ्याला नाव जोडणे ही चौथी कृती, आणि बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती हीच. दोनशे जणांच्या सभागृहाच्या छायाचित्रात कोपऱ्यात दिसणारा एक चेहरा जवळजवळ निनावी असतो. त्याच चेहऱ्यावर बोट ठेवून कोणी नाव टॅग केले की तो माणूस त्या दिवशी, त्या गावी, त्या विषयाच्या परिषदेला हजर होता, हे कायमचे शोधण्याजोगे होते. विषय साधा असेल तर कोणाचे बिघडत नाही. पण परिषद एखाद्या आजाराचे रुग्ण, कामगार संघटना किंवा छळाला बळी पडलेल्या व्यक्ती यांच्याविषयी असेल, तर तिथली नुसती उपस्थितीही त्या माणसाबद्दल बरेच काही सांगून जाते. कोणी कार्यालयात न सांगता दुसऱ्या नोकरीच्या शोधात आलेले असते. कोणी पूर्वीच्या जोडीदारापासून आपला ठावठिकाणा लपवून असते. ही कारणे विचारण्याचा हक्क छायाचित्रकाराला नसतो, आणि म्हणूनच "का नको?" हा प्रश्न शिष्टाचारात बसत नाही.

घेणे आणि पसरवणे यांतला हा फरक आजच्या समाजमाध्यमांनी निर्माण केलेला नाही. १८८८ साली कोडॅकचा हातात धरता येणारा कॅमेरा बाजारात आला आणि समोरच्या माणसाला स्थिर बसवून ठेवण्याची गरज उरली नाही. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये खासगीपणाच्या हक्कावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात क्षणात टिपल्या जाणाऱ्या छायाचित्रांची तक्रार स्पष्टपणे केलेली आहे. जर्मनीत १८९८ मध्ये बिस्मार्क वारला, त्या रात्री दोन छायाचित्रकार त्याच्या शयनगृहात शिरले आणि त्यांनी मृतदेहाचे छायाचित्र घेतले. ते विकण्याचा त्यांचा बेत न्यायालयाने हाणून पाडला, पण त्यासाठी नेमका कायदा हाताशी नसल्याचे त्या निमित्ताने उघड झाले. १९०७ साली तिथे जो कायदा झाला, त्याने एखाद्याचे चित्र त्याच्या संमतीवाचून पसरवण्यास किंवा जाहीरपणे मांडण्यास मनाई केली. सभा, मिरवणुका अशा प्रसंगांच्या चित्रांना त्याने अपवाद ठेवला, आणि तो कायदा अजूनही लागू आहे.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचे चित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापून त्याच्या २५,००० प्रती वाटल्या गेल्या. १९०२ मध्ये न्यायालयाने निकाल तिच्याविरुद्ध दिला. त्यावर एवढा संताप उसळला की पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने व्यापारी कारणासाठी एखाद्याचे नाव वा चित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरण्यावर बंदी घातली. परिषदांच्या आयोजकांनी या जुन्या खटल्याकडे लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण यंदाच्या कार्यक्रमाचा वृत्तान्त आणि पुढच्या वर्षीच्या नोंदणीची जाहिरात या दोन्ही ठिकाणी एकच छायाचित्र वापरण्याचा मोह त्यांना फार होतो. वृत्तान्तात दिसायला तयार असलेला माणूस जाहिरातीचा चेहरा व्हायला तयार असतोच असे नाही. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर कोणाचा चेहरा घ्यायचा असेल, तर ते छायाचित्र त्याला दाखवून, वापर कोठे होणार ते सांगून, लेखी होकार घेणे हाच धड मार्ग आहे.

आता आजच्या कायद्याकडे येऊ. युरोपीय संघाचा विदा संरक्षण नियम, ज्याला सर्वत्र जीडीपीआर म्हणतात, २५ मे २०१८ पासून लागू झाला. ओळखता येण्याजोग्या व्यक्तीचे छायाचित्र ही त्या नियमाच्या दृष्टीने वैयक्तिक माहिती असते. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कारणापुरती, माहिती घेऊन दिलेली आणि निःसंदिग्ध असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे तो सांगतो. आपल्याकडे "मौनं सम्मतिलक्षणम्" म्हणतात. या नियमाची भूमिका नेमकी उलट आहे. गप्प बसणे, काहीच न करणे किंवा आधीच खूण केलेला चौकोन तसाच राहू देणे, यांपैकी कशालाही तो संमती मानत नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही संमतीची व्याख्या करताना जवळपास याच अटी घातल्या आहेत, आणि संमती बिनशर्त असावी हेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

यावरून प्रत्येक छायाचित्राला प्रत्येकाची सही लागते, असा समज मात्र करून घेऊ नये. युरोपीय नियमात संमती हा अनेक आधारांपैकी एक आधार आहे. आयोजकांचे रास्त हितसंबंध हा दुसरा. सभागृहाचे मागून घेतलेले, कोणा एकावर रोख नसलेले सर्वसाधारण दृश्य पुष्कळदा या दुसऱ्या आधारावर घेतले जाते, फक्त छायाचित्रण होणार आहे हे आधी कळवावे लागते आणि कोणी हरकत घेतली तर तिचा विचार करावा लागतो. कायदा देशोदेशी वेगळा आहे, आणि काही ठिकाणी तर सार्वजनिक जागी छायाचित्र घेण्यास जवळपास पूर्ण मोकळीक आहे. परंतु परिषदेचे सभागृह हे भर रस्त्यासारखे नसते. नोंदणी करून, शुल्क भरून, काही नियम मान्य करून माणसे आत येतात, आणि आतले नियम ठरवण्याचा अधिकार आयोजकांना असतो. कायद्याने चालत असलेली गोष्टही परिषदेच्या आचारसंहितेने बंद करता येते.

"मी तर माझ्या खासगी पानावर टाकला होता," हा बचाव नेहमी ऐकू येतो. युरोपीय न्यायालयाने त्याचा विचार २००३ सालीच केला आहे. स्वीडनमधील एका चर्चमध्ये स्वेच्छेने काम करणाऱ्या बाईंनी आपल्या संकेतस्थळावर सहकाऱ्यांची खेळकर वर्णने लिहिली होती, आणि त्यांपैकी एकीच्या पायाला दुखापत झाल्याने ती अर्धवेळ रजेवर आहे हेही नमूद केले होते. घरगुती वापराला विदा संरक्षणाच्या नियमांतून मिळणारी सवलत इथे लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरवले, कारण इंटरनेटवर मांडलेली माहिती अगणित लोकांपर्यंत पोहोचते. हेतू निर्मळ होता, यात कोणालाच शंका नव्हती. आपल्या पोस्टरच्या गोष्टीतल्या सरांचाही हेतू निर्मळच होता.

इथे कायद्यापेक्षा अवघड असलेली एक गोष्ट येते, आणि तिच्यासाठी मराठीत अगदी चपखल शब्द आहे: भीड. त्या विद्यार्थिनीने "हो सर, घ्या ना" म्हटले, तेव्हा तिच्यापुढे खरोखर दुसरा पर्याय होता का? उद्या हेच सर तिच्या प्रबंधाचे परीक्षक असू शकतात, निवड समितीवर असू शकतात. भिडेखातर दिलेला होकार ऐकायला खऱ्या होकारासारखाच असतो. तो ओळखण्याची जबाबदारी ज्याचे वजन जास्त, त्याच्यावर येते. प्रायोजकाने आपल्या दालनावर आलेल्या व्यक्तीला भेटवस्तू हातात ठेवून फोटोसाठी उभे करणे, विभागप्रमुखाने "सगळे या, ग्रुप फोटो!" अशी हाक मारणे, यांतही तेच वजन काम करत असते. प्रश्न अशा तऱ्हेने विचारावा की नकार देणे सोपे जाईल. "फोटो घेतला तर चालेल ना?" या प्रश्नातल्या शेवटच्या "ना"मध्ये उत्तर आधीच भरलेले असते. त्याऐवजी "पोस्टरचा फोटो माझ्या टिपणासाठी घेऊ का? कोठे टाकणार नाही. आणि नको असेल तर माझा पत्ता देतो, प्रसिद्ध झाल्यावर पाठवा," असे म्हटले तर समोरच्याला दोन वाटा दिसतात आणि दोन्ही सन्मानाच्या असतात.

नोंदणी अर्जातही भिडेचीच एक सरकारी आवृत्ती आढळते. अटींच्या बावीस परिच्छेदांत सतराव्या क्रमांकावर "कार्यक्रमास उपस्थित राहून आपण छायाचित्रणास व त्याच्या कोणत्याही वापरास संमती देत आहात" असे वाक्य असते. हे वाक्य टाकले की आपण सुटलो, अशी आयोजकांची समजूत असते. वास्तविक, ज्या संमतीला नकार देण्याची किंमत परिषदच सोडून द्यावी लागणे ही आहे, ती मोकळेपणाने दिलेली म्हणता येत नाही. चांगला अर्ज हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारतो, त्यात चौकोन रिकामा ठेवतो, वृत्तान्त, जाहिरात आणि ध्वनिचित्रमुद्रण यांसाठी वेगवेगळे उत्तर देऊ देतो आणि नकार देणाऱ्याला परिषदेतले काहीही नाकारत नाही.

अर्जातले उत्तर सभागृहात दिसावे कसे, यासाठी काही परिषदांनी ओळखपत्राच्या गळ्यातल्या फितींना रंग दिले: हिरवी फीत म्हणजे खुशाल घ्या, पिवळी म्हणजे आधी विचारा, लाल म्हणजे घेऊ नका. कल्पना सुटसुटीत आहे, पण तिचे खाचखळगे प्रत्यक्ष वापरातच कळतात. लाल आणि हिरव्यातला भेद न कळणारी माणसे, विशेषतः पुरुषांत, काही दुर्मिळ नाहीत, म्हणून रंगाबरोबर पट्टे किंवा ठळक खूण हवी. फीत समोरून दिसते, मागून नुसती मानेभोवतीची एक रेघ दिसते, आणि सभागृहाची निम्मी छायाचित्रे मागून घेतलेली असतात. ओळखपत्र तर स्वभावतःच फिरून कोऱ्या बाजूने उभे राहते. खूण फक्त पत्रावर छापली असेल तर ती दोन्ही बाजूंना छापावी. आणखी एक अडचण अशी की लाल फीत घालणे हीच एक जाहीर घोषणा होऊन बसते. ज्याला नजरेत यायचे नाही, त्यालाच आपण रंगवून उभे करतो. त्यामुळे फितींच्या जोडीला सभागृहात काही रांगा छायाचित्रमुक्त ठेवणे मला अधिक सौजन्याचे वाटते, मात्र त्या रांगा खांबामागच्या किंवा अगदी शेवटच्या नसाव्यात. नको म्हणणाऱ्याला पडदा नीट दिसू नये, ही शिक्षाच झाली.

केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या जर्मनीतल्या हॅकरांच्या वार्षिक मेळाव्यात अनेक वर्षांपासून याहून कडक रीत आहे. तिथे चौकटीत येणाऱ्या प्रत्येकाची परवानगी घेतल्यावाचून छायाचित्र घेऊ नये, असा दंडक आहे. हजारोंच्या गर्दीत हे कसे जमते, असे वाटेल. जमते, कारण लोक फोटोच कमी काढतात.

आतापर्यंत आपण चेहऱ्यांविषयी बोललो. पडद्यावरच्या स्लाइडला चेहरा नसला तरी तिला मालक असतो. व्याख्यात्याने तयार केलेली स्लाइड ही सर्वसाधारणपणे त्याची किंवा त्याच्या संस्थेची बौद्धिक संपदा असते, आणि तिच्यात बरेचदा तिसऱ्याच कोणाची तरी सामग्री असते. वैद्यकीय परिषदेत रुग्णाचे छायाचित्र दाखवले जाते. त्या रुग्णाने संमती दिलेली असते ती बहुधा तज्ज्ञांना शिकवण्यापुरती. मागच्या रांगेतून मोबाईलने टिपलेली ती स्लाइड बाहेर गेली की व्याख्याता, छायाचित्रकार आणि आयोजक या तिघांनी मिळून त्या रुग्णाचा विश्वास मोडलेला असतो, आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते, हा जुना समजही टिकणारा नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने आपल्या शिफारशींमध्ये ती पट्टी अपुरी असल्याचे स्पष्टच म्हटले आहे.

पेटंटचा प्रश्न याहून तांत्रिक आहे, पण त्यात छायाचित्रणाच्या सूचनेला अनपेक्षित महत्त्व आलेले दिसते. अर्ज करण्यापूर्वी शोध जगजाहीर झाला तर युरोपात तो बहुतेक वेळा नवा मानला जात नाही. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकटीकरणानंतर एक वर्षाची मुदत मिळते. अमेरिकेतल्या एका प्रकरणात संशोधकांनी १९९८ मध्ये एका परिषदेत आपले पोस्टर सुमारे अडीच दिवस लावले होते आणि पेटंटचा अर्ज दोन वर्षांनंतर केला. नुसते लावलेले, कोणाला प्रत न दिलेले पोस्टर हे "प्रकाशन" ठरते का, असा प्रश्न होता. अपील न्यायालयाने २००४ मध्ये ते प्रकाशन ठरवले आणि पेटंट नाकारले गेले. पोस्टर किती वेळ लावलेले होते, पाहणारे किती जाणकार होते, त्यातला मजकूर उतरवून घेणे किती सोपे होते, आणि तो उतरवला जाणार नाही अशी अपेक्षा बाळगण्यास काही रास्त कारण होते का, हे न्यायालयाने पाहिले. त्या पोस्टरवर "टिपून घेऊ नये" अशी कोणतीही सूचना नव्हती. पोस्टरच्या कोपऱ्यातले कॅमेऱ्यावर काट मारलेले चिन्ह हे नुसते सौजन्याचे आवाहन नसून कधी कधी कायदेशीर वजनही राखते, ते असे.

म्हणूनच काही परिषदा या बाबतीत संपूर्ण मनाई करतात. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेस या नावाने जगभर भरणाऱ्या बैठकांत अप्रकाशित काम मोकळेपणाने मांडता यावे म्हणून व्याख्यानांचे मुद्रण आणि स्लाइडचे छायाचित्रण दोन्ही वर्ज्य असते. दुसऱ्या टोकाला, सरसकट मनाई फसण्याची उदाहरणेही आहेत. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१७ च्या आपल्या परिषदेत स्लाइडचे फोटो ट्विटरवर टाकणाऱ्यांना ते काढून टाकण्याची विनंती केली, तेव्हा त्या विनंतीवरच टीकेची झोड उठली आणि परिषदेतल्या संशोधनापेक्षा तीच चर्चा जास्त झाली. माझ्या मते निर्णय व्याख्यात्यावर सोडणे सर्वांत शहाणपणाचे. पहिल्याच स्लाइडवर, आणि ज्या एक-दोन स्लाइड खरोखर नाजूक आहेत त्यांच्या कोपऱ्यात, परवानगीचे किंवा मनाईचे चिन्ह असावे. व्याख्यात्याने ते तोंडानेही सांगावे, कारण उशिरा येऊन बसलेल्याने पहिली स्लाइड पाहिलेलीच नसते. आणि काही बोलून दाखवलेले नसेल, तर मनाई आहे असे धरून चालावे की परवानगी, हे आयोजकांनी आधीच ठरवून कार्यक्रमपत्रिकेत छापावे.

लंडनच्या चॅथम हाउस या संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाखाली चालणाऱ्या बैठकींची गोष्ट निराळी आहे आणि तिथे फार चांगली माणसे चुकतात. १९२७ पासून चालत आलेल्या या नियमानुसार बैठकीत ऐकलेली माहिती बाहेर वापरता येते, पण बोलणाऱ्याची किंवा उपस्थितांपैकी कोणाचीही ओळख वा संस्था उघड करता येत नाही. चर्चा संपते, सगळे खूश असतात, कोणीतरी म्हणते, "एक आठवण म्हणून," आणि जिन्यावर उभे राहून ग्रुप फोटो निघतो. बोललेला एकही शब्द त्या फोटोत नसतो, पण कोण कोण हजर होते हे झाकण्यासाठी असलेला नियम तो एका क्लिकमध्ये मोडतो.

अधिकृत छायाचित्रकाराच्या कामाबद्दल थोडेच सांगायचे आहे, कारण मुरलेल्या छायाचित्रकाराला ते ठाऊक असते. व्याख्यात्याचे फोटो पहिल्या काही मिनिटांत उरकून बाजूला व्हावे. घास तोंडात असलेल्या माणसाचा फोटो घेऊ नये. पालकांसाठी, प्रार्थनेसाठी आणि शांत बसण्यासाठी राखलेल्या खोल्यांत कॅमेरा नेऊ नये. फ्लॅश टाळावा. तो बोलणाऱ्याचे लक्ष मोडतो, आणि सत्काराच्या वेळी दहा-बारा कॅमेरे एकदम लखलखू लागले की प्रकाशाने अपस्माराचा झटका येणाऱ्यांना धोका संभवतो; सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप त्यांना सर्वाधिक घातक समजली जाते. फ्लॅशने पडद्यावरची स्लाइड फिकी पडते ती वेगळीच. हौशी मंडळींना एक तांत्रिक सूचना द्यावीशी वाटते: काही प्रोजेक्टर लाल, हिरवा आणि निळा हे रंग एकामागून एक इतक्या वेगाने फेकतात की डोळ्यांना ते एकत्र दिसतात, पण वेगवान शटर त्यांतला एखादाच पकडते आणि फोटोत स्लाइडवर रंगीत पट्टे उमटतात. पट्टे आले म्हणून तोच माणूस पुन्हा हात उंच करून दुसरा, तिसरा, चौथा फोटो घेतो, आणि मागच्या तीन रांगा पडद्याऐवजी त्याचा मोबाईल पाहत बसतात. शटरचा वेग कमी करावा, किंवा व्याख्यात्याला ईमेल करून स्लाइडच मागाव्यात. पुष्कळ जण आनंदाने पाठवतात.

निवड हाही शिष्टाचाराचाच भाग आहे. तासाभरात घेतलेल्या चारशे फोटोंत अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचे, जांभई देतानाचे, ओठ विचित्र झालेले बरेच फोटो असतात. ते प्रसिद्ध न करण्यासाठी कोणाच्या संमतीची गरज नसते.

दूरस्थ सहभाग असलेल्या परिषदांत प्रश्न विचारणारे सर्वांत असुरक्षित असतात. ते व्याख्याते नसतात, त्यांनी कोणत्याही मुद्रणकरारावर सही केलेली नसते. पण ध्वनिवर्धक हातात येताच कॅमेरा त्यांच्याकडे वळतो आणि त्यांचा चेहरा, आवाज आणि कधी कधी अगदी कच्ची शंका कायमची नोंदली जाते. कॅमेरा मंचावरून हलवू नये, किंवा प्रश्न लिहून देण्याची सोय ठेवावी. ऑनलाइन बैठकीत सगळ्यांच्या चेहऱ्यांची जाळी पडद्यावर दिसते आणि प्रत्येकाखाली पूर्ण नाव असते, म्हणजे त्या पडदाचित्रात आपण वर पाहिलेली चौथी कृती आपोआप घडलेली असते. ते घेण्याआधी सूचना द्यावी आणि ज्यांना नको त्यांना कॅमेरा बंद करायला अर्धे मिनिट द्यावे.

अलीकडे परिषदेनंतर एक दुवा येतो: आपला एक सेल्फी टाका, हजारो फोटोंतून तुमचे फोटो शोधून देऊ. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण ती चालण्यासाठी सेल्फी टाकणाऱ्याचाच नव्हे, तर संग्रहातल्या प्रत्येक चेहऱ्याचा गणिती ठसा काढावा लागतो. युरोपीय नियमात साधे छायाचित्र आणि असा ठसा यांत फरक केला आहे: व्यक्ती ओळखण्यासाठी खास तांत्रिक प्रक्रिया झाली की ती जैवमितीय माहिती होते आणि तिच्यासाठी अधिक कडक अटी लागू होतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने तर २००८ पासूनच चेहऱ्याच्या अशा ठशांसाठी लेखी संमती बंधनकारक केली आहे. "फोटो काढायला हरकत नाही" या होकारात ही पाचवी परवानगी कोणीही दिलेली नसते.

आणखी एक गोष्ट आयोजक उत्साहाच्या भरात करतात. सगळी छायाचित्रे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वेगळी परवानगी न घेता वापरता येतील अशी, टाकून देतात. ज्ञान मुक्त असावे ही भावना चांगलीच आहे, परंतु तो परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही; ज्यांनी आधीच प्रत घेतली त्यांचा हक्क टिकतो. शिवाय तो परवाना छायाचित्रकाराच्या स्वामित्वहक्कापुरता असतो, चित्रातल्या माणसाचे खासगीपणाचे हक्क त्यात येत नाहीत. म्हणजे दोन्हीकडून गाठ बसते: वापरणाऱ्याला वाटते सगळे मोकळे आहे, आणि चित्रातल्या माणसाला परतीचा रस्ता नसतो. मुक्त परवान्यासाठीची संमती म्हणूनच निराळी आणि नेमक्या शब्दांत घ्यावी.

एवढे करूनही एखाद्या सकाळी ईमेल येतेच: माझा फोटो काढून टाका. त्यासाठी एक पत्ता आधीच जाहीर केलेला असावा आणि तो रोज वाचणारा माणूस ठरलेला असावा. परिषद संपल्यावर जी समिती विसर्जित होते, तिच्या नावे असलेला पत्ता काही कामाचा नसतो. कारण विचारू नये. कोणते छायाचित्र, कोठे दिसले, एवढेच विचारावे. मग संकेतस्थळावरून, समाजमाध्यमांवरून, छायाचित्रकाराच्या स्वतःच्या दालनातून आणि प्रायोजकांना पाठवलेल्या संचातून ते काढावे, कारण पहिल्या ठिकाणाहून काढून बाकीची तीन विसरणे ही नेहमीची चूक आहे. शोधयंत्रांच्या साठ्यात ते काही दिवस दिसत राहील, छापील पुस्तिकेतून काढता येणार नाही, आणि ज्यांनी ते उतरवून घेतले त्यांच्यापर्यंत पोहोचता येणार नाही, हेही उत्तरात प्रामाणिकपणे कळवावे. आपल्या गोष्टीतल्या सरांना त्या विद्यार्थिनीने असेच दोन ओळींचे ईमेल लिहिले असते, तर त्यांनी ते फोटो बहुधा दहा मिनिटांत उतरवले असते. पण ते लिहायला पुन्हा तीच भीड आड येते, आणि तिला ते लिहावे लागू नये म्हणून नोंदणीच्या अर्जातला तो स्वतंत्र चौकोन आणि पोस्टरच्या कोपऱ्यातले ते लहानसे चिन्ह लागते.